ड्युअल बूट की पूर्ण लिनक्स?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, पण संगणक अजून धडधाकट आहे. लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरलं, तर विंडोज शेजारी ठेवायचं की डिस्क सरळ पुसायची?

ड्युअल बूटमध्ये, म्हणजे एकाच संगणकावर दोन्ही प्रणाली ठेवल्या तर, परतीचा रस्ता उघडा राहतो. एखादं गरजेचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल, तर हाच मार्ग. मात्र तयारी बरीच लागते. लिनक्सला जागा व्हावी म्हणून विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा तिच्यासाठी राखलेला भाग) विंडोजमधूनच, डिस्क मॅनेजमेंट वापरून लहान करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच दुसरीकडे जपून ठेवा. बूटची मांडणी बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते. फास्ट स्टार्टअप नक्की बंद करा. तो चालू असताना विंडोज पुरतं बंद होतच नाही आणि लिनक्समधून त्या पार्टिशनवर काही लिहिणं धोक्याचं ठरतं. घड्याळही पुढेमागे होतं, कारण मदरबोर्डवरची वेळ विंडोज स्थानिक मानतं आणि लिनक्स सहसा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ.

पूर्ण बदलात ही कटकट नाही. लिनक्स मिंट ही लिनक्सची एक आवृत्ती किमान २० जीबी जागा मागते, पण १०० जीबीची शिफारस करते. लहान एसएसडी असेल तर अख्खी डिस्क मिळणं फार मोलाचं. फक्त बॅकअप घ्या आणि त्यातल्या फायली उघडून पाहा.

लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे काही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून, वायफाय, आवाज, प्रिंटर दोन्ही बाबतीत तपासायचेच.

ब्राउझर, ईमेल, फोटो एवढंच काम असेल, तर मी पूर्ण बदलच सुचवेन. जुनी प्रणाली शेजारी असली की हात तिकडेच वळतो आणि नवी शिकायची राहून जाते.