ऑडिओ कोर्स, मासिकं, पुस्तकं : आंब्याच्या हंगामापासून गणपतीपर्यंत वापरून

विज्ञान शिकायला या तिन्ही गोष्टी वापरून पाहिल्या; आधी निकाल सांगते. ऑडिओ कोर्सचे पैसे वसूल झाले, इंग्रजी मासिकाचे अर्धेमुर्धे, आणि पुस्तकं चांगली असली तरी आमच्या हवेत टिकवायची कशी हा प्रश्न उरलाच.

एप्रिल-मेमध्ये देवगडात पेट्या भरताना हात अडकलेले, कान मोकळे. अर्ध्या तासाचं व्याख्यान तेव्हा बरोबर बसतं. आदल्या रात्री घरी डाउनलोड करून ठेवायचं, कारण बागेत रेंजचा भरवसा नाही. उतरवलेली फाइल काही दिवसांनी आपोआप उडते, हे मात्र पैसे घेताना कुणी सांगितलं नव्हतं.

गोष्ट असलेला विषय असला की ऑडिओला तोड नाही. रसायनशास्त्राच्या इतिहासात हेलियम आला. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सनने गुंटूरहून पाहिलं. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने त्याच ऑक्टोबरात इंग्लंडात बसून, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटातली (प्रकाश फाकवल्यावर दिसणाऱ्या रंगपट्ट्यातली) पिवळी रेघ टिपली, तीच हेलियमची खूण. पृथ्वीवर हा वायू रसायनशास्त्रज्ञ रॅम्सीला सापडला तो थेट १८९५ मध्ये. आणि आमच्याकडे विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवून लॉकियर इथेच उभा होता म्हणून सांगतात! पाहुण्यांना किल्ला दाखवताना आता काय सांगायचं, यावरून घरात चांगलीच जुंपली. काका अजून ऐकायला तयार नाहीत.

आकृतीचं काम आलं की ऑडिओ आडवा पडतो. भरतीची वेळ ढोबळमानाने तिथीच्या पाऊणपट, पंचमीला पावणेचारच्या आसपास, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही तेवढी सरकते. इथवर ऐकून कळलं. पण चंद्राच्या उलट बाजूलाही पाणी का फुगतं? वक्ता ‘डोळ्यांसमोर आणा’ म्हणतोय आणि मी तेच तेच मागे नेऊन ऐकतेय. पुस्तकातल्या आकृतीत लहान-मोठे बाण बघितल्यावर उलगडलं : चंद्राची ओढ जवळच्या बाजूला जास्त, पलीकडे कमी, आणि या फरकानेच पाणी दोन्हीकडे ताणलं जातं. कोर्ससोबत पीडीएफ असते, पण मोबाइलवर ती वाचवत नाही.

इंग्रजी मासिकाचा कागद गुळगुळीत. जुलैत पानं एकमेकांना चिकटतात, सोडवायला जावं तर शनीची कडी समोरच्या जाहिरातीवर. मजकूर उत्तम, पण उदाहरणं सगळी बर्फाची नि गव्हाच्या शेतांची. मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेतले लेख आटोपशीर असतात, सासूबाईही वाचतात. एखादी संज्ञा अडली तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहेच, तोही फुकट.

पुस्तकं पत्र्याच्या ट्रंकेत, कडुनिंबाचा पाला घालून. तरी एकाला कसर लागलीच.

इंग्रजी मासिक बंद करतेय. ऑडिओची वर्गणी पुन्हा भरणार, पण सेल लागल्यावर. तो वरचेवर लागतो, त्यामुळे मूळ किमतीला कुणी घेऊ नका.