बेनिनचे मानकरी: उझामा की इयासे?

नायजेरियातल्या बेनिन राज्यात ओबा, म्हणजे राजा, याच्याभोवती दोन तऱ्हेचे मानकरी असतात: वंशाने आलेले उझामा आणि ओबाने नेमलेले, जसा इयासे. यांत वजन कोणाचे जास्त? उझामांचा मान वंशपरंपरागत. ओलिहा, एदोहेन, एझोमो, एरो, एहोलो नीरे, ओलोतोन हे सहा. सातवा एदाइकेन, तो मात्र युवराजासाठी राखीव. मान थोरल्या मुलाकडे जातो. पण केवळ जन्माने पदरात पडत नाही. वडिलांचे अंत्यविधी त्याने रीतीप्रमाणे पुरे करायचे, मग ओबाकडून मान्यता घ्यायची. विधी अर्धवट राहिले की वारसा लोंबकळतो आणि भाऊबंदांचे तंटे उभे राहतात. ओलिहाचा अधिकार मोठा: नव्या ओबाला राज्याभिषेक तोच करतो.

इयासेचे पद मात्र वतन नव्हे. नगरप्रमुखांचा हा म्होरक्या ओबा स्वतः निवडतो. मृत्यूनंतर पद ओबाकडे परतते, मुलाचा त्यावर हक्क नाही. साध्या घरातला कर्तबगार माणूसही इथवर चढू शकतो. दरबारात राजाला उघड विरोध करण्याची परंपराही इयासेचीच, म्हणून खरे राजकीय वजन त्याचे, असे आमचे मत. प्रतिष्ठेची प्राचीनता मात्र उझामांकडेच.