कॅरिअर, दोन पिशव्या आणि कोकणातले सडे: नऊ महिन्यांनंतर

गेल्या दसऱ्याला मी सायकलसाठी मागचं कॅरिअर आणि पॅनियरची जोडी घेतली. पॅनियर म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या. डिसेंबरात पुण्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला जायचं ठरलं होतं, त्यासाठीच ही खरेदी. आता जुलै आहे. गोवा झालं, जूनमध्ये भर पावसात पंढरपूर झालं, मधल्या काळात ऑफिस आणि मंडई. मीटरवर सव्वीसशे किलोमीटर झाले आहेत. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण पहिल्या कॅरिअरवरून त्यांच्याशी बरीच वादावादी झाली आणि मला तो विषय परत उकरायचा नाही.

सायकल साधीच आहे. हायब्रिड, ७०० बाय ३८ चे टायर, रिमवर धरणारे ब्रेक, मागे ३२ आऱ्यांचं चाक, वजन साडेतेरा किलो. पुढे तीन चकत्या, मागे आठ गिअर. कॅरिअर अ‍ॅल्युमिनियमचं घेतलं, हलकं म्हणून. त्यावर २५ किलोपर्यंत चालेल असं छापलेलं होतं. पिशव्या प्रत्येकी वीस लिटरच्या, तोंड गुंडाळून बंद करायच्या.

आधी नियोजनाबद्दल, कारण सामानाचं जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे. मी आणि माझा मावसभाऊ नकाशा घेऊन बसलो, एकूण अंतर काढलं, दिवसाला ऐंशी-नव्वद किलोमीटरने भागलं आणि सात दिवस असं उत्तर आलं. ऐंशी किलोमीटर आम्ही सिंहगड रस्ता, भोर, मुळशी अशा रविवारच्या फेऱ्यांत सहज केले होते. रिकाम्या सायकलवर! प्रत्यक्षात लागले दहा दिवस. किनारी रस्ता नकाशावर समुद्राला चिकटून दिसतो, पण तो सपाट नाही. गाव खाली, नारळी-पोफळीत, खाडीच्या काठी. गाव संपलं की लगेच चढ, आणि वर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं पठार. सड्यावर झाड नाही, सावली नाही, पाणी नाही. दोन-चार किलोमीटर सडा कापला की परत खाली उतरायचं, पुढची खाडी, पुढचा चढ. गुहागर ते गणपतीपुळे या एका दिवसात पासष्टेक किलोमीटर झाले आणि अ‍ॅपने चढाई नऊशे मीटरच्या वर दाखवली. आख्खा ताम्हिणी घाट आम्हाला त्या दिवसापेक्षा सोपा गेला होता, कारण घाट एकदाच चढतो आणि संपतो.

त्यात फेरीबोटी. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा तीन आमच्या वाटेवर होत्या. बोटीत बसायची मजा वेगळीच, पण बोट डोळ्यांदेखत सुटली तर पुढच्या बोटीपर्यंत जेट्टीवर बसून राहावं लागतं. डिसेंबरात सहा वाजून गेले की सूर्य बुडतो, सातला मिट्ट काळोख. म्हणून आता मी दिवस किलोमीटरने मोजत नाही, खाड्यांनी मोजते. फेरीची एक खाडी आणि दोन मोठे चढ झाले की तो दिवस भरला. जास्तीचं काही झालं तर वरकड.

आता कॅरिअर. निघताना माझ्या पिशव्यांत चौदा किलो सामान होतं, सगळं मागच्या चाकावर. हरिहरेश्वरपर्यंत काही जाणवलं नाही. चौथ्या दिवशी हर्णैहून दाभोळकडे जाताना उतारावर मागून करकर असा आवाज यायला लागला. मला वाटलं पिशवीचा हूक. दाभोळच्या जेट्टीवर उतरून बघितलं तर उजव्या पायाच्या वरचा बोल्ट दोन आटे बाहेर आलेला, आणि जिथे पाय वरच्या पट्टीला जोडलेला असतो तिथे जोडाशेजारी केसासारखी चीर. बोटाने दाबलं की उघडायची, सोडलं की मिटायची.

गुहागरला दुसऱ्या दिवशी सकाळी वेल्डिंगचं दुकान शोधलं. दुकानातल्या दादांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "ताई, हे अ‍ॅल्युमिनियम. लोखंड असतं तर चहा होईपर्यंत जोडून दिलं असतं." मग त्यांनी लोखंडी पट्टीचे दोन तुकडे कापले, मोडलेल्या हाडाला बांबूच्या कांबी बांधतात तसे चिरेच्या दोन्ही बाजूंना धरले आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळल्या. पन्नास रुपये घेतले. ते बांधकाम रत्नागिरीपर्यंत टिकलं. कंपनीने नंतर ई-मेलवर "क्षमतेपेक्षा जास्त भार" असं कारण दिलं. चौदा किलो आणि पंचवीस किलो यांतला फरक त्यांना समजावण्यात मी तीन आठवडे घालवले, मग सोडून दिलं. पण अर्धी चूक माझीही होती. बोल्ट ढिला झाला की कॅरिअर हलतं, हललं की जोड थकतो. रोज सकाळी चार नंबरच्या अ‍ॅलन कीने चारही बोल्ट बघायला अर्धं मिनिट लागतं, आणि मी ते चार दिवसांत एकदाही केलं नव्हतं.

रत्नागिरीच्या आधी आणखी एक प्रकार व्हायचा होता. जयगडला बोटीतून उतरल्यावर सड्यावर जायचा चढ आहे. त्यात निम्म्यावर मागून 'टण्ण' असा आवाज आला आणि चाक डुगडुगायला लागलं. मागच्या चाकाचा एक आरा तुटला होता, तोही गिअरच्या बाजूचा. बहुतेक वेळा याच बाजूचे तुटतात. मागच्या चाकाला गिअरच्या चकत्यांना जागा द्यावी लागते, म्हणून त्या बाजूचे आरे जास्त उभे आणि जास्त ताणलेले असतात. वर चौदा किलो. माझ्याकडे जादा आरे होते, फ्रेमला टेपने चिकटवलेले, अगदी शहाण्यासारखे. फक्त त्या बाजूचा आरा घालायचा तर आधी कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा, काढावी लागते, आणि ती काढायचं टूल पुण्यात कपाटात होतं, कारण "एवढं जड कशाला न्यायचं" असं मीच म्हटलं होतं. जीन्स मात्र नेली होती.

मागचा ब्रेक रिमला घासत होता म्हणून मोकळा केला आणि पुढच्या ब्रेकवर गणपतीपुळे गाठलं. दुसऱ्या दिवशी आरे-वारे गावांचा किनारी रस्ता. त्या वळणावर लोक गाड्या थांबवून खालच्या समुद्राचे फोटो काढत होते आणि आम्ही सायकली हातात धरून उतार उतरत होतो. मावसभावाची सायकल धडधाकट होती, तरी तोही चालला. "ताई, फोटोत तरी सायकल चालवत असल्यासारखी बस," एवढं मात्र म्हणाला.

रत्नागिरीत दीड दिवस गेला आणि नऊ महिन्यांतले सगळ्यात चांगले निर्णय तिथे झाले. आरा बसवून चाक सरळ करून घेतलं, शेजारचे आरेही ताणून घेतले. कॅरिअर लोखंडी घेतलं, पहिल्यापेक्षा साडेतीनशे ग्रॅम जड, दिसायला दूधवाल्याच्या सायकलचं वाटावं असं. बोल्टांना आटे धरून ठेवणारा निळा गोंद लावला. आणि पोस्टात जाऊन पाच किलोंचं पार्सल घरी पाठवलं: जीन्स, दुसरे बूट, एक पॉवर बँक, स्टीलचा डबा, न वाचलेलं पुस्तक, पुण्याहून वाहून आणलेला दोन किलो खाऊ. कोकणात दर दहा किलोमीटरला चहा-वडापाव मिळतो, मुक्कामाला घरगुती सोय होते, जेवायला सोलकढी आणि गरम भाकरी. तंबू नको, स्टोव्ह नको. लडाखला जाणाऱ्यांच्या सामानाच्या याद्या वाचून मी राजापूर तालुक्यात जायची तयारी केली होती.

नऊ किलोंवर आल्यावर सायकल वेगळीच वाटली. पावस, पूर्णगड, जैतापूर, देवगड, कुणकेश्वर हा पुढचा पट्टाही चढउतारांचाच, पण तिथे खाड्यांवर पूल आहेत, बोटीची वाट बघावी लागत नाही. मालवणात एका आजींनी "खंयसून इलात?" विचारलं आणि पुणे ऐकल्यावर आधी सायकलकडे, मग माझ्या केसांतल्या पांढऱ्या बटेकडे बघून काहीच बोलल्या नाहीत. त्यावर मी दिवसभर विचार करत होते.

पिशव्यांबद्दल माझी तक्रार कमी आहे. पाणी आत येत नाही, हे पंढरपूरच्या वाटेवर पुरतं तपासून झालं. यवतपासून इंदापूरच्या मुक्कामापर्यंत पाऊस सोबतीला होता आणि आतले कपडे कोरडे निघाले. अट एवढीच की तोंडाला तीन घड्या पडल्या पाहिजेत. पिशवी ठासून भरली की दोनच पडतात आणि मग हमी नाही. उलट बाजू अशी की आतला ओलावाही बाहेर जात नाही. ओला टॉवेल संध्याकाळपर्यंत आंबूस वास मारतो. तो जाळीच्या पिशवीत घालून कॅरिअरवर बाहेर बांधायचा. पहिले दोन दिवस टाच पिशवीला लागत होती, कारण माझ्या फ्रेमचा मागचा भाग आखूड आहे. हूक चार सेंटीमीटर मागे सरकवल्यावर थांबलं. दुकानात घेताना पिशवी लावून पॅडल मारून बघा, नुसती हातात धरून लिटर विचारू नका. खालचा हूक खडखडतो, त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. उजव्या पिशवीचा कोपरा जेट्टीवर घासून झिजला आणि मार्चमध्ये तिथे भोक पडलं. पंक्चरचा पॅच लावला, तो उन्हात सुटला. शेवटी ताडपत्री शिवणाऱ्या दुकानातून त्याच जातीच्या कापडाचा तुकडा गरम करून चिकटवून घेतला. रंग जुळत नाही, पण जूनचा पाऊस त्याने थोपवला.

गोव्याहून परत आल्यावर केलेला एक बदल सांगते. मागच्या कॅसेटची सगळ्यात मोठी चकती ३२ दातांची होती, ती ३४ ची केली. पुढे सगळ्यात लहान चकती २८ ची. पूर्वी सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेरीत सायकल १.९१ मीटर पुढे जायची, आता १.८० जाते. कागदावर अकरा सेंटीमीटर. पण ताम्हिणीत मे महिन्यात परत जाऊन आले, तेव्हा डिसेंबरात जिथे उतरून ढकलावं लागलं होतं ती वळणं बसूनच झाली. सामान कमी होतं हेही खरं, त्यामुळे सगळं श्रेय दोन दातांना देत नाही.

परतीचा प्रवास मात्र नियोजनात पुरेसा धरला नव्हता. पणजीहून खासगी बसने आलो. चाकं काढून सायकल डिकीत, वर कोणाची तरी पोती. पुण्यात उतरवली तर मागचा डिरेल्युअर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, ज्या छोट्या पट्टीवर बसतो ती आत वाकलेली, गिअर चाकात जाईल की काय अशी. ही पट्टी प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, आणि माझी मिळायला अकरा दिवस लागले. आता एक जादा घेऊन ठेवली आहे, आणि सायकल डिकीत घालायच्या आधी डिरेल्युअर सोडवून फ्रेमच्या आत बांधते.

घ्यावं का, असं मैत्रिणी विचारतात. पिशव्या घ्या. कॅरिअर लोखंडी घ्या, गावात जोडता येईल असं. आणि निघायच्या आधी एक शनिवार-रविवार सगळं सामान लादून मुक्कामी जाऊन या. पानशेत पुरेल. मी ते केलं असतं तर जीन्स घरीच राहिली असती.

सध्या ठिगळाची उजवी पिशवी मंडईला जाते, कांदे-बटाटे पाच किलो आरामात. डाव्या पिशवीत टूलचा डबा आहे, कॅसेट काढायच्या टूलसकट, आणि तो मी बाहेर काढत नाही.