हरसूलकडचं होमस्टे: जेवण उत्तम, दिव्याचं मात्र आधी बोलून घ्या

मी लग्नाचे फोटो काढतो, पोट त्यावर चालतं; छंद म्हणून रात्री दुर्बिणीतून आभाळाचे काढतो. चातुर्मासात लग्नं नसतात म्हणून रात्री मोकळ्या असतात, पण तेव्हा नाशिकच्या पश्चिमेला आभाळ नसतंच, नुसतं पाणी. आभाळ उघडतं दसऱ्याच्या आसपास, आणि तुळशीचं लग्न लागलं की माझ्या रात्री विकल्या जातात. मधे उरतात त्या दिवसांत कामाची अमावस्या एकच, तीही नेमकी लक्ष्मीपूजनाची. त्या संध्याकाळी दुर्बीण गाडीत टाकून निघालो तर परत आल्यावर मला कायमचंच होमस्टे शोधावं लागेल. म्हणून मी वसुबारस गाठतो. चंद्र पहाटे तीननंतर उगवतो, फटाक्यांचा धूर अजून सुरू झालेला नसतो आणि फराळाच्या गडबडीत घरात माझी अडचणच होत असते.

यंदा उतरलो ते होमस्टे गिरणारे सोडून वाघेरा घाट ओलांडल्यावर, हरसूलच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून दीडेक किलोमीटर आत. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि माणसं भली आहेत. चार खोल्या, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, मागे भाताची खाचरं. दोन वेळचं जेवण, चहा, नाश्ता धरून माणशी चौदाशे. त्र्यंबक रस्त्याला सिंहस्थाची कामं चालू, म्हणून गंगापूर रोडने गेलो, तर गिरणाऱ्यात टोमॅटोच्या पिकअपची रांग. अर्धा तास क्रेट मोजत बसलो.

खोल्यांबद्दल फार लिहीत नाही. स्वच्छ आहेत, बंबाचं गरम पाणी मिळतं, गादी जरा पातळ आहे. मी त्या खोलीत एकूण तीन तास होतो.

माझी कसोटी वेगळी असते, आणि ती फोनवरच सुरू होते. पहिला प्रश्न, "अंगणातून उत्तर दिशा मोकळी दिसते का?" मालक म्हणाले, "वास्तूचं बघताय का सर? दरवाजा पूर्वेला आहे." मग सांगावं लागलं. दुर्बिणीचं माउंट, म्हणजे ती ज्यावर फिरते ती बैठक, ध्रुवाकडे रोखून लावलं तरच ते ताऱ्यांबरोबर फिरतं, नाहीतर फोटोत ताऱ्यांच्या रेघा येतात. आपण 20 अंश अक्षांशावर, म्हणून ध्रुव क्षितिजापासून 20 अंशच वर. युरोपातल्या माणसाला तो घराच्या कौलांवर दिसतो; आपल्याकडे एक बऱ्यापैकी आंबा मधे आला की गेला. इथे उत्तरेला आंबा आहेच, पण अंगणाच्या डाव्या कोपऱ्यातून, गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून, तो चुकवता येतो. हा कोपरा मालकांनी माझ्या आधी स्वतः उभं राहून, मोबाइलवर होकायंत्र लावून शोधून ठेवला होता. एवढ्यासाठीच मी त्यांना पैकीच्या पैकी दिले असते.

आता दिवा. अंगणाच्या तोंडाशी ग्रामपंचायतीचा सौर पथदिवा आहे. फोनवर मालक म्हणाले होते, "लाइट सगळे बंद करू सर, काळजी नको." घरातले केलेही. पण सौर दिव्याला बटण नसतं. अंधार पडला की तो आपोआप लागतो आणि उजाडेपर्यंत जळतो, पांढराफटक. साडेसहाला तो लागला आणि माझी सावली थेट गोठ्यापर्यंत गेली. मी काही बोललो नाही, तोंड मात्र बोललं असणार.

इथे थोडं माझ्या धंद्याबाहेरचं सांगतो, कारण त्याशिवाय माझी चिडचिड कळणार नाही. मी ज्यांचे फोटो काढायला गेलो होतो त्यांना ग्रहीय तेजोमेघ म्हणतात. ग्रहांशी त्यांचा काही संबंध नाही. 1781 मध्ये युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलला ही गोल, फिकट बिंबं दुर्बिणीतून त्या ग्रहासारखी वाटली आणि नाव चिकटलं. खरं म्हणजे सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की अंगावरचा वायू बाहेर सोडतो आणि मधे उरलेला तापलेला गाभा त्या वायूला उजळवतो, ते हे. 1864 मध्ये विल्यम हगिन्सने अशाच एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला, तर ताऱ्यासारखा सलग पट्टा नव्हताच, मोजक्या झगझगीत रेषा होत्या. त्यातली ठळक हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून लोकांनी 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्यच कल्पून टाकलं. साठेक वर्षांनी आयरा बोवेनने उलगडा केला: तो आपला ऑक्सिजनच, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आणि इतका विरळ की त्याचे अणू एकमेकांवर क्वचितच आदळतात. ती रेषा 500.7 नॅनोमीटर तरंगलांबीवर आहे, आणि मी चांगले पैसे मोजून घेतलेला फिल्टर तीच रेषा आणि हायड्रोजनची 656.3 ची लाल रेषा सोडतो, बाकीचं बरंचसं अडवतो.

जुने पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा असल्या फिल्टरची चैन होती. त्यांचा उजेड मुख्यतः 589 च्या आसपास, तो सहज कापला जायचा. पांढरा एलईडी मात्र सगळ्याच रंगांत थोडाथोडा सांडतो, माझ्या हिरव्या रेषेवरही. त्याला फिल्टर पुरा पडत नाही. त्याला बारदान लागतं.

बारदान मालकांच्या वडिलांनी आणलं. सत्तरी ओलांडलेले बाबा, डोक्याला उपरणं, हातात काठी. त्यांनी कांद्याच्या दोन रिकाम्या गोण्या एकात एक घातल्या, लांब वेळूच्या टोकाला खिळ्याने अडकवल्या आणि तिसऱ्या झटक्यात दिव्याच्या डोक्यावर टोपरं चढवल्यासारख्या बसवल्या. मालक खालून म्हणत होते, "बाबा, पंचायतीचाय तो." बाबा म्हणाले, "सकाळी काढतो ना." जाळीतून तांबूस उजेड पाझरत राहिला, पण अंगण विझलं. मान वर केली आणि शर तारकासमूहाचे चार तारे नुसत्या डोळ्यांनी दिसले. पाथर्डी फाट्यावरच्या माझ्या गच्चीवरून ते मला एकदाही दिसलेले नाहीत.

शर दिसला की निम्मं काम झालं. त्याच्या टोकाच्या ताऱ्यापासून उत्तरेला साधारण तीन अंशांवर डंबेल, म्हणजे फ्रेंच खगोलज्ञ मेसियरने केलेल्या आकाशातल्या धूसर वस्तूंच्या यादीतला 27 क्रमांक. 1764 च्या जुलैत मेसियरला दिसलेला हा, या जातीतला पहिला सापडलेला तेजोमेघ. वसुबारसेच्या आसपास साडेसातला तो इथून जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे हवेचा थर सर्वांत पातळ. माझी दुर्बीण सहा इंची आरशाची, 750 मिलिमीटर नाभीय अंतराची. वाघेऱ्याच्या खड्ड्यांनी आरसे हलवलेच होते, ते जुळवण्यात वीस मिनिटं गेली. मग 45 सेकंदांचे 70 फोटो. गायडिंगचा, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंट सावरणारा, कॅमेरा घ्यायचं दर दिवाळीला ठरतं आणि दर दिवाळीला दुसरंच काही घेतलं जातं, म्हणून त्यातले 19 फोटो रेघा आल्याने बाद. उरले 51.

पावणेनऊला कॅमेरा काढून डोळ्याने बघायचा आयपीस लावला. बाबा तेव्हापासून बाजेवर बसूनच होते. या भागात बिबट्या आहे, पाहुण्याला रात्री एकटं बाहेर ठेवायचं नाही, असा घरचा दंडक. (होमस्टेच्या माहितीत ही सोय कुठे लिहिलेली नाही, लिहायला हवी.) अभिजित ताऱ्याजवळच्या दोन ताऱ्यांमधलं कंकण, म्हणजे मेसियर 57 हा तेजोमेघ, मी दुर्बिणीत धरलं आणि त्यांना बोलावलं. हे फार लहान असतं, डंबेलच्या सहाव्या हिश्श्याएवढं. बहुतेक लोक "काही दिसत नाही" म्हणून उठतात. बाबा डोळा लावून बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ही तं चुंबळ हाये."

मी पंधरा वर्षं लोकांना हे कंकण दाखवतोय. कोणी मेदूवडा म्हणतं, कोणी धुराचं वेटोळं. चुंबळच आहे ती: मधे मऊ, कडेला दाट, एका बाजूला किंचित दबलेली. आपला सूर्यही अजून पाच अब्ज वर्षांनी असाच वायू सोडेल असं सांगितलं, तर म्हणाले, "तवर भात काढून व्हईल."

जेवण. नागलीची भाकरी चुलीवरची, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी, आणि मागितलं तर तूप. वहिनींनी माझं ताट अंगणातच आणलं आणि येताना टॉर्चवर लाल फडकं बांधून आल्या. मी सांगितलं नव्हतं. नवरा फोनवर माझ्याशी बोलत होता ते त्यांनी ऐकलं होतं. आमटीला नाशिकच्या मानाने तिखट कमी, मला चाललं.

आता तक्रारी. साडेनऊला मी हेलिक्सवर गेलो. कुंभ राशीतला हा तेजोमेघ खास आपल्यासाठी आहे असं माझं मत. तो बराच दक्षिणेला असल्याने लंडनवाल्यांना क्षितिजाच्या धुक्यातून शोधावा लागतो. हरसूलहून तो मध्यावर येतो तेव्हा 49 अंश वर. सुमारे साडेसहाशे प्रकाशवर्षं दूर, म्हणजे तो उजेड निघाला तेव्हा दख्खनवर बहामनींचं राज्य होतं. आकार जवळजवळ चंद्राएवढा, पण उजेड एवढ्या मोठ्या जागेत पसरलेला की नुसत्या डोळ्याला काहीच नाही. याला वेळ द्यावा लागतो, आणि नेमक्या या वेळात तीन गोष्टी झाल्या.

एक, बाकीच्या दोन खोल्यांतला गट. दहा वाजता ब्लूटूथ स्पीकर, साडेदहाला शेकोटी. मालकांनी विनंती केली, आवाज कमी झाला, शेकोटी राहिली. त्यातला एकजण गाडीतून काहीतरी आणायला गेला आणि हेडलाइट थेट आरशात. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही, तेही पैसे देऊनच आले होते. पण दोन प्रकारचे पाहुणे एकाच अंगणात घ्यायचे की नाही, हे मालकांनी बुकिंग घेतानाच ठरवायला हवं.

दोन, दव. मागे पाण्याने भरलेली खाचरं, त्यात ऑक्टोबरची रात्र. अकराला दुर्बिणीच्या नळीवरून पाणी ठिबकत होतं आणि वरचा छोटा आरसा धुरकटला. दव नाशिकपेक्षा इथे तासभर आधी पडतं हे लक्षात ठेवा.

तीन, त्या दवावर उपाय म्हणून मी हेअर ड्रायर लावला. माझ्या मेकअपवाल्या ताईंचा, नवरींच्या केसांसाठीचा, चांगला दणकट. घराची एमसीबी पडली. पूर्ण घर अंधारात, फ्रिजसकट. हा दोष माझा. पण एका क्षणात गटाचा स्पीकर चार्जिंगसकट बंद पडला आणि त्या रात्रीतलं सर्वांत काळं आभाळ मला त्या सात मिनिटांत मिळालं, हेही नोंदवतो. अंगणात एकच सॉकेट आहे, त्यावर मोबाइलपेक्षा मोठं काही लावू नका. बॅटरी आपली न्या.

आभाळाचं म्हणाल तर दक्षिण आणि डोक्यावरचं उत्तम. पूर्वेला नाशिकचा उजेड घाटाच्या वर फुगलेला दिसतो, तिकडचं काही मध्यरात्रीआधी काढू नका. पश्चिमेला क्षितिजाशी गुजरातकडची फिकट पट्टी.

हेलिक्सचे 140 पैकी 88 फोटो वापरता आले, म्हणजे 66 मिनिटं. घरी येऊन डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचले. डंबेल छान हिरवट-निळा आला. हेलिक्सची बाहेरची लाल कड जेमतेम. कारण माझ्या कॅमेऱ्यातलं मूळ फिल्टर हायड्रोजनचा तो लाल उजेड बराचसा गिळतं. ते काढून देणारे लोक आहेत, पण मग त्याच कॅमेऱ्याने शालू टिपायचा आणि नवरीच्या आईला समजावत बसायचं की कापड एवढं तांबडं का दिसतंय, हे मला झेपणारं नाही.

पुन्हा जाईन का? जाणार आहे, जानेवारीत, मुहूर्त नसलेला आठवडा बघून. खाचरं तोवर सुकलेली असतील. तुम्ही जाणार असाल तर फोनवर तीन गोष्टी स्पष्ट विचारा: त्या रात्री दुसरा गट आहे का, डावीकडचा कोपरा मोकळा ठेवाल का, आणि बाबा घरी आहेत का.

डंबेल आणि कंकणाचे फोटो मी मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "बाबा विचारतायत, चुंबळ राखाडी होती, तुम्ही रंग भरला का?" रंग भरलेला नाही, अंधारात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत, कॅमेरा मात्र मिनिटामिनिटांचा उजेड साठवत जातो, हे सगळं मी व्हॉइस मेसेजमध्ये नीट समजावून सांगितलं, पावणेचार मिनिटं. दोन निळ्या टिका आल्या. पुढे काही नाही.