ब्रिटनचा शेअर कोड: सेवा चांगली, पण आधी पासपोर्ट आणि मोबाईल नंबर जुळवा

बीआरपी कार्डांची, म्हणजे ब्रिटनमध्ये राहण्याच्या परवान्याच्या कार्डांची, मुदत 31 डिसेंबर 2024 ला संपली. आता ब्रिटनचा व्हिसा म्हणजे यूकेव्हीआय या तिथल्या व्हिसा विभागाच्या ऑनलाइन खात्यातली एक नोंद (ई-व्हिसा), आणि ती नोकरी देणाऱ्या कंपनीला, घरमालकाला किंवा दुसऱ्याला दाखवायची सोय म्हणजे शेअर कोड. पैसे लागत नाहीत, आणि माहिती अद्ययावत असेल तर काम काही मिनिटांचं.

लॉगिनला पासपोर्ट किंवा बीआरपीचा नंबर, जन्मतारीख आणि मोबाईलवर किंवा ईमेलवर येणारा कोड लागतो. बरेच जण अडकतात ते इथेच. अर्ज पुण्यातून भरताना दिलेलं सिम बंद झालेलं असतं, किंवा ईमेल एजंटचा असतो. जुना नंबर आणि ईमेल चालू आहेत तोवरच खात्यात बदलून घ्या.

पुढे कोड कशासाठी हवा ते विचारतात. नीट निवडा: नोकरीचा कोड डब्ल्यूने सुरू होतो, घरभाड्याचा आरने, बाकी कामांचा एसने. भाड्यासाठी काढलेला कोड नोकरीच्या तपासणीत चालत नाही. नऊ अक्षर-अंकांचा हा कोड 90 दिवस चालतो. घर भाड्याने देण्याआधीची ही व्हिसाची तपासणी फक्त इंग्लंडमध्ये लागते.

कंपनीने कोड आणि तुमची जन्मतारीख टाकून स्वतःच्या बाजूचं पान उघडायला हवं. तुमच्या फोनवरचा स्टेटस किंवा स्क्रीनशॉट कायद्याने ग्राह्य नाही. पानावरचा फोटो समोरच्या माणसाशी ताडून पाहायचा आणि पानाची प्रत नोकरी संपल्यावरही दोन वर्षं जपायची. विद्यार्थी असेल तर कॉलेजच्या सत्राच्या तारखांचा पुरावाही घ्यायचा. एचआर इतकं काटेकोर का, तर बेकायदा नेमणुकीला पहिल्या वेळी माणशी 45,000 पौंडांपर्यंत दंड आहे, पुन्हा घडलं तर 60,000 पर्यंत.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट नडते. पासपोर्टच्या नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ऑफर लेटरवर नसतं. कंपनीला पहिल्यापासून पासपोर्टवरचं पूर्ण नावच द्या.

नवीन पासपोर्ट आला की तो खात्याला जोडणं सगळ्यात महत्त्वाचं. नाही जोडला तर विमान कंपनीच्या तपासणीत व्हिसा सापडत नाही आणि मुंबईच्या चेक-इनला खोळंबा होतो. भारताचं तिकीट काढण्याआधीच हे उरका, आणि प्रवासात जुना पासपोर्टही बरोबर ठेवा.

व्हिसा वाढवायचा अर्ज मुदतीत केला आहे पण निकाल बाकी आहे, अशा वेळी कोड निघाला नाही तर कंपनीने गृहखात्याच्या एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसकडे विचारणा करावी. तिथून होकाराची नोटीस मिळाली तर ती सहा महिने चालते.

पाचात साडेतीन गुण. दीड गुण कापला कारण हातात काहीच उरत नाही, साइट बंद पडली की भाडेकरूचं आणि उमेदवाराचं काम ताटकळतं. नाव, फोटो किंवा मुदत चुकीची दिसली तर ई-व्हिसातली चूक कळवायचा वेगळा ऑनलाइन फॉर्म आहे. तो त्याच दिवशी भरा.