क्रूझरचे ऑइल आणि इतर द्रव: काय घरी बदलावे, काय वर्कशॉपकडे सोपवावे

क्रूझर मोटारसायकलच्या सर्व्हिसिंगची वेळ जवळ आली, की बहुतेक मालक एकच प्रश्न विचारतात: हे काम घरी करावे की वर्कशॉपमध्ये द्यावे? या प्रश्नाला एकगठ्ठा उत्तर देता येत नाही, कारण एका क्रूझरमध्ये किमान तीन आणि काही गाड्यांमध्ये त्याहून बरेच जास्त वेगवेगळे द्रव असतात, आणि त्यांपैकी प्रत्येकाच्या बाबतीत लागणारी हत्यारे, लागणारे कसब आणि चुकीची शिक्षा निराळी असते. पैसे आणि वेळ यांची तुलना सगळेच करतात, परंतु निर्णयासाठी मला त्याहून उपयुक्त वाटणारी कसोटी अशी आहे, की काम करताना चूक झाली तर ती गाडी स्टँडवर उभी असतानाच उघड होईल की रस्त्यावर धावताना. पहिल्या प्रकारची कामे घरी शिकण्यास योग्य आहेत. दुसऱ्या प्रकारच्या कामांत हात घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

आधी गाडीत काय काय आहे ते पाहावे

क्रूझर हे वर्गीकरण बाह्यरूपावरून केले जाते, त्यामुळे दिसायला सारख्या दोन गाड्यांची आतली रचना अगदी वेगळी असू शकते. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या) गाड्यांमध्ये इंजिन, प्रायमरी चेनकेस (इंजिनची शक्ती क्लचकडे नेणाऱ्या साखळीचे कवच) आणि गिअरबॉक्स यांची तीन स्वतंत्र ऑइले असतात. त्याच कंपनीच्या एअर-कूल्ड स्पोर्टस्टरमध्ये प्रायमरी आणि गिअरबॉक्सला मिळून एकच ऑइल असते, म्हणजे तिथे दोनच ठिकाणी काम करावे लागते. बहुतेक जपानी क्रूझरमध्ये आणि रॉयल एनफील्डच्या सध्याच्या गाड्यांमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर हे तिन्ही एकाच ऑइलवर चालतात. जुन्या कास्ट-आयर्न बुलेटमध्ये मात्र गिअरबॉक्स स्वतंत्र होता.

मागच्या चाकाकडे शक्ती कशी जाते, यावरही काम वाढते किंवा कमी होते. बेल्ट असेल तर तिथे ऑइलचा प्रश्नच नाही. मोटो गुझी कॅलिफोर्निया किंवा ट्रायम्फ रॉकेट 3 यांच्यासारखी शाफ्टची गाडी असेल, तर फायनल ड्राइव्हचे, म्हणजे मागच्या चाकाजवळच्या गिअरांचे, गिअर ऑइल बदलावे लागते. कावासाकी व्हल्कन 900, होंडा रेबेल 500 आणि इंडियन स्काउट या लिक्विड-कूल्ड गाड्यांमध्ये कूलंटची भर पडते. त्यामुळे निर्णय घेण्यापूर्वी मालकाच्या पुस्तिकेतील देखभालीचा तक्ता उघडून आपल्या गाडीला नेमके काय लागते याची यादी करणे हे पहिले काम होय.

इंजिन ऑइल

घरी करण्याजोग्या कामांत हे पहिले. पाना, सॉकेट, फिल्टर काढण्याचे हत्यार, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळू देणारा पाना), नरसाळे आणि पसरट ट्रे एवढ्यावर ते होते. क्रूझरची अडचण एवढीच, की गाडी जमिनीलगत बसलेली असते आणि बहुतेकींना मधला स्टँड नसतो, त्यामुळे नेहमीचा उंच काठाचा ट्रे इंजिनखाली सरकतच नाही. गाडीचे वजनही अनेकदा 250 ते 350 किलोच्या घरात असते, म्हणून ती विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर तोलून ठेवण्याचे धाडस कोणी करू नये. साइड स्टँडवर ऑइल काढून, शेवटी गाडी काही क्षण सरळ धरून उरलेले निथळू देणे पुरेसे असते.

वर्कशॉपच्या बाजूने बोलायचे तर तिथे लिफ्ट असते, सरावलेला हात असतो आणि काम लवकर उरकते. पण हेच लवकर उरकणे ऑइलच्या बाबतीत थोडे विरोधात जाते. इंजिन काही मिनिटे चालवून कोमट करावे, ऑइल काढण्याचा तळाचा ड्रेन प्लग काढावा आणि धार तुटून थेंबांवर येईपर्यंत थांबावे, एवढा वेळ ज्या ठिकाणी रांगेत इतर गाड्या उभ्या असतात तिथे नेहमी मिळेलच असे नाही. घरी तो मिळतो. शिवाय प्लगखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर दरवेळी नवा टाकला गेला, याची खात्री स्वतः केलेल्या कामातच असते.

चुंबकीय ड्रेन प्लग असलेल्या गाडीत आणखी एक लाभ आहे, आणि तो मला सर्वांत मोठा वाटतो. प्लगच्या टोकाला करड्या रंगाचा, बोटांवर मलमासारखा पसरणारा बारीक लेप दिसला, तर ती नेहमीची झीज असते. त्याच टोकाला टोचणाऱ्या कडांचे कपचे किंवा सुईसारखे तुकडे दिसले, तर गिअर किंवा बेअरिंगची तपासणी लगेच करून घ्यायला हवी. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळले आहे. ही माहिती वर्कशॉपच्या बिलावर छापून येत नाही.

आता चुकांविषयी. प्लग प्रमाणाबाहेर आवळला तर ॲल्युमिनियमच्या केसचे आटे जातात, आणि मग आटे पुन्हा पाडून त्यात पोलादी आट्यांची कॉइल बसवण्याशिवाय गत्यंतर नसते. ड्रेन प्लगचा टॉर्क बहुतेक गाड्यांत 20 ते 35 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, पण आकडा आपल्याच पुस्तिकेतून घ्यावा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगांच्या फटीतून दाबाखालचे ऑइल उसळून बाहेर येते, आणि ते मागच्या टायरवर गेले तर परिणाम सांगायला नको. सुदैवाने यातील बहुतेक चुका इंजिन सुरू करून गाडीखाली दोन मिनिटे टॉर्च मारली की दिसतात. म्हणूनच हे काम शिकण्यास सुरक्षित ठरते.

हार्लेच्या ज्या मॉडेलांत ऑइल पॅन गिअरबॉक्सच्या खाली असतो, तिथे एक विशेष सापळा आहे. इंजिनचा आणि गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग जवळजवळ असतात, आणि नवखा मालक गिअरबॉक्स रिकामा करून वरून इंजिनमध्ये नवे ऑइल ओततो. परिणामी गिअरबॉक्स कोरडा आणि इंजिन काठोकाठ. कोणता प्लग कोणाचा, हे आकृतीत पाहून खडूने खूण केल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

ऑइल निवडताना वर्कशॉप आणि घर यांत फरक पडतो तो एका गोष्टीमुळे. ज्या गाडीत क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तिला जासो या जपानी मानकातील एमए किंवा एमए2 दर्जाचे ऑइल लागते. घर्षण कमी करणारी द्रव्ये असलेले मोटारीचे ऑइल टाकले, तर क्लच घसरू लागतो. इंजिन ओरडते आणि गाडी मात्र त्या प्रमाणात पळत नाही. जासो एमबी हा दर्जा कमी घर्षणाच्या ऑइलचा आहे आणि तो अशा क्लचसाठी नव्हे. हार्लेच्या मोठ्या गाड्यांत क्लच प्रायमरीमध्ये असल्याने हा नियम इंजिनच्या नव्हे, तर प्रायमरीच्या ऑइलला लागू होतो. मिनरल की सिंथेटिक या वादात मी पडणार नाही. पुस्तिकेतील जाडी आणि दर्जा पाळला, तर दोन्ही चालतात, आणि एअर-कूल्ड इंजिन संथ वाहतुकीत फार तापत असेल तर सिंथेटिक अधिक टिकाव धरते.

पातळी कशी तपासायची हेही गाडीगणिक बदलते. काचेची खिडकी असलेल्या गाड्या सरळ उभ्या करून पाहाव्या लागतात, तर हार्लेची अंतिम पातळी इंजिन तापलेले असताना आणि गाडी साइड स्टँडवर कललेली असताना पाहिली जाते. सांगितलेले सगळे ऑइल एकदम ओतू नये, कारण जुने कधीच पूर्ण निघत नाही. थोडे कमी भरून, इंजिन चालवून, मग उरलेले टाकावे.

प्रायमरी, गिअरबॉक्स आणि शाफ्ट

ज्याला इंजिन ऑइल जमले त्याला गिअरबॉक्सही जमतो. प्रायमरीत प्रमाण नेमके असावे लागते: ऑइल जास्त झाले तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि उभ्या गाडीत न्यूट्रल सापडता सापडत नाही. या दोन्ही ठिकाणी घर आणि वर्कशॉप यांत मला गुणवत्तेचा फरक दिसत नाही.

शाफ्टच्या फायनल ड्राइव्हमध्ये ऑइल अगदी थोडे, बऱ्याच गाड्यांत 200 मिलीच्या आसपास लागते, आणि ते सहसा हायपॉइड गिअर ऑइल असते. इथे एकच सूचना महत्त्वाची आहे: आधी भरण्याचा प्लग सैल करून पाहावा, नंतरच खालचा काढावा. वरचा प्लग गंजून अडकला असेल आणि खालून ऑइल निघून गेले असेल, तर गाडी जागेवरून हलवताही येत नाही.

कूलंट

हे घरी करता येते, पण गार इंजिनवरच. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले, तर दाबाखालचे उकळते कूलंट थेट चेहऱ्यावर येऊ शकते. ॲल्युमिनियम इंजिनाला चालणारे कूलंट घ्यावे, आणि ते आधीच मिसळलेले नसेल तर नळाचे नव्हे, डिस्टिल्ड पाणी वापरावे. भरल्यानंतर अडकलेली हवा काढणे हाच या कामातला कौशल्याचा भाग आहे. ती राहिली तर इंजिन अचानक तापते. एथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असल्यामुळे सांडलेले कूलंट पाळीव जनावरे चाटतात, म्हणून ते तत्काळ धुऊन काढावे.

ब्रेक फ्लुइड

इथे तराजू बदलतो. ज्याला सर्रास ब्रेक ऑइल म्हटले जाते तो द्रव हवेतील ओलावा शोषतो, आणि ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट 4 या दर्जाच्या ब्रेक फ्लुइडचा किमान उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत 230 अंश सेल्सिअस, तर ओलावा शोषल्यानंतर 155 अंश ठरवलेला आहे. लांब घाटउतारावर जड क्रूझरचा ब्रेक सतत दाबला गेला, की जुन्या द्रवात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर पोकळ वाटू लागते. म्हणून गाडी कितीही कमी चालली असली, तरी बहुतेक उत्पादक दोन वर्षांनी तो बदलण्यास सांगतात.

एबीएस नसलेल्या गाडीत हे काम घरी करणे शक्य आहे. ब्रेक फ्लुइडच्या छोट्या टाकीतील जुना द्रव शोषून काढायचा, नवा भरायचा, ब्लीडरला (ब्रेकजवळच्या, द्रव व हवा बाहेर काढण्याच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावायची, लिव्हर दाबून ब्लीडर उघडायचा, बंद करायचा, मग लिव्हर सोडायची, आणि टाकीतील पातळी एकदाही तळाला जाऊ द्यायची नाही. काम नीट झाले की नळीत बुडबुडे थांबतात, चहाच्या रंगाचा द्रव जाऊन जवळजवळ स्वच्छ द्रव येतो आणि लिव्हर बोटाखाली घट्ट लागते. पण हीच पातळी एकदा घसरली आणि ब्रेकच्या नळीत हवा गेली, तर संपूर्ण ब्लीडिंग नव्याने करावे लागते. एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये (ब्रेकचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागात) हवा शिरली तर काही गाड्यांत ती काढायला निदान उपकरणाने त्याचे व्हॉल्व्ह चालवावे लागतात, जे वर्कशॉपकडे असते आणि घरी सहसा नसते. आणि लिव्हर स्टँडवर बरी वाटणे म्हणजे घाटात ब्रेक बरा लागणे नव्हे. म्हणून नवख्या मालकाने, विशेषतः एबीएसच्या गाडीत, हे काम वर्कशॉपला द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरी करायचेच असेल तर दोन पथ्ये पाळावीत. टाकीच्या झाकणावर लिहिलेला दर्जा तोच वापरावा: डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 ग्लायकॉलवर आधारित असतात, डॉट 5 मात्र सिलिकॉनचा असतो आणि तो बाकीच्यांशी मिसळत नाही. हार्लेच्या 2000 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या अनेक गाड्यांत डॉट 5 होता आणि नंतरच्यांत डॉट 4 आला, त्यामुळे जुनी गाडी घेतलेल्यांनी नावावर नव्हे, झाकणावर विश्वास ठेवावा. दुसरे पथ्य रंगाचे: ग्लायकॉलचा द्रव रंग खातो, आणि क्रूझरची पेट्रोलची टाकी हँडलच्या अगदी जवळ असते. ती झाकून ठेवावी, आणि थेंब पडलाच तर पुसत न बसता भरपूर पाण्याने धुवावा. हायड्रॉलिक क्लच असल्यास त्यालाही हेच लागू होते, फक्त तिथली चूक जिवावर बेतत नाही.

फोर्क ऑइल

फोर्क म्हणजे पुढचे चाक धरणारे आणि धक्के शोषणारे दोन पाय. त्यांचे ऑइल बदलणे हे वर्कशॉपचे काम. पुढचे चाक काढून सगळी गाडी पुढून उचलून धरावी लागते, वरच्या टोपीखाली दाबलेली स्प्रिंग असते, आणि दोन्ही पायांतली ऑइलची पातळी मिलिमीटरच्या हिशोबात समान ठेवावी लागते. शिवाय फोर्क ऑइलची जाडी सांगणाऱ्या 10डब्ल्यू या आकड्याला सर्व कंपन्यांत सारखा अर्थ नसतो. दोन कंपन्यांचे 10डब्ल्यू प्रत्यक्षात कमी-जास्त जाड निघतात. पातळी चुकली तर उभ्या गाडीला काहीच कळत नाही. ते वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर कळते. वर सांगितलेली कसोटी इथे सर्वांत कठोरपणे लागू होते. जुन्या रचनेच्या काही फोर्कना खाली ड्रेन स्क्रू असतो, तेथे ऑइल काढणे सोपे होते, पण भरणे तेवढेच नाजूक राहते.

वर्कशॉपला देताना, आणि घरी ठेवताना

जे काम वर्कशॉपला द्यायचे ठरेल, त्यासाठी ऑइलचा दर्जा, नवे वॉशर आणि ब्रेक फ्लुइडची सीलबंद बाटली आपल्यासमोर उघडण्याची अट कामाच्या पावतीवर लिहून घ्यावी. वॉरंटीतील गाडीचे ऑइल घरी बदलायचे असेल, तर वॉरंटीच्या अटी आधी वाचाव्यात, आणि ऑइल व फिल्टरची बिले, तारीख आणि किलोमीटरची नोंद जपून ठेवावी. निघालेले इंजिन ऑइल झाकणाच्या डब्यात साठवून वापरलेले ऑइल स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावे. गटारात किंवा मातीत ओतू नये. ब्रेक फ्लुइड आणि कूलंट यांचे डबे वेगळे ठेवावेत, कारण ऑइलमध्ये ते मिसळले गेले, तर त्या ऑइलवर पुनर्प्रक्रिया करणे अवघड होते आणि केंद्र ते परत पाठवू शकते.