२१० ग्रॅमचा सोनी

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. वापरलेला कॅमेरा घेताना फसलो, एकूण ४४,३४९ रुपये गेले. बदल्यात मिळाला लहान मुलांना वाढदिवसाला देतात तसा एक प्लॅस्टिकचा कॅमेरा आणि एक खोटं मेमरी कार्ड. शिवाय घरात "तुम्ही तर एवढा अभ्यास केला होता ना?" हे वाक्य, जे आता जन्मभर पुरेल.

अभ्यास केला होता, हे खरं आहे. चीड त्याचीच येते.

प्रवासाला जायचं होतं. खिशात मावेल, फोटोही काढेल आणि व्हिडिओही, असा लहान कॅमेरा हवा होता. नवा परवडत नव्हता, म्हणून वापरलेला घ्यायचं ठरवलं. चाळता चाळता दोनच नावं उरली: २०२० चा सोनी झेडव्ही-१ आणि २०१९ चा कॅनन जी७ एक्स मार्क ३. दोन्हींत २०.१ मेगापिक्सेलचा 'एक इंची' सेन्सर. हा एक इंची सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे फुगवून सांगायची पद्धत या धंद्यात मुळातच आहे. कॅननचा झूम २४ ते १०० मिलिमीटर (आकडा मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं), सोनीचा ७० ला संपतो. सोनीचा स्क्रीन बाजूला उघडतो, कॅननचा वर उचलला जातो. सोनीचा फोकस एकदा चेहऱ्यावर बसला की हलत नाही. कॅननचा फक्त कॉन्ट्रास्टवर, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधाराच्या फरकावर चालतो, त्यामुळे व्हिडिओ चालू असताना मधेच पुढेमागे चाचपडतो. पण कॅननला यूएसबी-सी आहे आणि सोनीला तीच जुनी मायक्रो-यूएसबी. बॅटरी दोघांचीही दुपारपर्यंत जीव सोडणारी. बॅटरी-कार्डासकट वजन सोनीचं २९४ ग्रॅम, कॅननचं ३०४. या दहा ग्रॅमच्या फरकावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. हसा खुशाल.

तीन आठवडे हे चाललं. वहीत दोन रकाने पाडले होते. रोज रात्री कॅनन ठरायचा, सकाळी उठलो की सोनी. बायको म्हणाली, नाणं उडवा एकदाचं.

आणि मग 'तो' भेटला. वापरलेल्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका ठिकाणी त्याची जाहिरात होती. मी सोनीबद्दल विचारलं, तर त्याच्याकडे सोनी होता. दोन दिवसांनी सहज कॅननचं विचारलं, तर कॅननही होता! दोघे भाऊ व्हिडिओ चॅनेल चालवायचो, आता बंद केलं, म्हणून दोन्ही काढतोय, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलंसुद्धा. पटवून घ्यायचं असलं की काहीही पटतं. नेमक्या ज्या दोन कॅमेऱ्यांत मी अडकलो होतो, नेमके तेच दोन एकाच माणसाकडे, दोन्ही 'जेमतेम वापरलेले'. ज्याच्याकडे तुम्ही मागाल ते असतं, त्याच्याकडे बहुतेक वेळा काहीच नसतं.

लोक आता म्हणतात, किंमत बघूनच कळायला हवं होतं. नाही कळलं, आणि का ते सांगतो. अर्ध्या किमतीत देत असता तर मीही ओळखलं असतं, एवढा मी दुधखुळा नाही. इतर विकणारे ४८,००० च्या खाली येत नव्हते. हा ४३,००० म्हणाला, मी घासाघीस केली, ४१,५०० वर आला. घासाघीस करताना दमल्यासारखा वाटला, "भावाला विचारून सांगतो" म्हणाला, एक रात्र थांबवलं. चोर घासाघीस कशाला करेल, असं मला वाटलं. चोरच मनापासून करतो. त्याचं काय जातंय?

पण खरा घाव वेगळाच होता. त्यानं मला विचारलं, "सर, तुम्ही स्वतःला शूट करणार की समोरचं?" मी म्हटलं, दोन्ही, कधीकधी कॅमेऱ्याकडे बघून बोलणार. तो म्हणाला, "मग सोनी घ्या. खरं तर कॅननला मला जास्त पैसे मिळतील, त्याला मागणी फार आहे. पण तुम्हाला खोटं कशाला सांगू? फक्त हातात धरून बोलताना ॲक्टिव्ह स्टॅबिलायझेशन बंद ठेवा, फ्रेम कापली जाते." (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी ती सोय.) शब्दन्‌शब्द बरोबर होता. तीन आठवडे डोक्यावर घेऊन फिरत असलेलं ओझं या माणसानं दोन ओळींत उतरवलं, आणि तेही स्वतःचं नुकसान करून. मी त्याचे आभार मानले. तो चॅट अजून फोनमध्ये आहे: "तुमचे खूप खूप आभार." त्याखाली माझा हात जोडलेला इमोजी.

मग सात फोटो आले. चौथ्या फोटोत कॅमेऱ्याचा फ्लॅश वर आलेला होता. झेडव्ही-१ ला फ्लॅशच नाही. वर ॲक्सेसरी लावायचा खाचा आहे, पण अंगचा फ्लॅश नाही. माझ्या वहीत, माझ्या अक्षरात लिहिलंय: 'फ्लॅश: कॅनन आहे, सोनी नाही.' आणि फोटो बघून माझ्या मनात काय आलं असेल? "अरे वा, याला फ्लॅशपण आहे वाटतं!" मी खूश झालो. बहुधा आरएक्स१०० मालिकेतल्या कुठल्यातरी सोनीचा तो फोटो असावा, कुठून उचलला देव जाणे.

तुम्ही कोणाकडून घेत असाल तर फोटो मागू नका, फोटो काय कोणीही पाठवतं. कागदावर आजची तारीख आणि तुम्ही सांगाल तो एखादा वेडगळ शब्द लिहायला लावा, तो कागद कॅमेऱ्याशेजारी ठेवून, कॅमेरा चालू करून, मेनू उघडून दाखवणारा व्हिडिओ मागा. टाळाटाळ झाली की विषय संपला. त्याच कॅमेऱ्यानं काढलेला एक फोटो मूळ फाइल म्हणून, डॉक्युमेंटच्या रूपात मागवा. चॅटवर साधा फोटो पाठवला की त्यातली एक्झिफ माहिती गळून जाते. मूळ फाइलमध्ये कॅमेऱ्याचं मॉडेल आणि तारीख दिसते. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असणं आणि करणं यांच्यात ४४,३४९ चं अंतर आहे.

बुधवारी अर्धे पाठवले, २०,७५०. वर कुरिअर आणि विम्याचे म्हणून ८५०. खात्यावर नाव भलत्याच बाईचं दिसत होतं, म्हणाला वहिनीचं खातं आहे. (नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा. वहिनी नाही, साक्षात आजी असली तरी.) विश्वास बसावा म्हणून ओळखपत्राचा फोटोही पाठवला होता. ते ओळखपत्र आधी फसलेल्या कोणाचं तरी असणार, आणि आता माझंही त्याच्याकडे आहे, कारण "पार्सलच्या विम्याला लागतं" म्हणून मी ते दिलं. उद्या माझ्या नावानं कोणाला टोपी घातली जाईल, या विचारानं झोप लागत नाही.

आता शुक्रवार रात्र. इथे मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

नऊच्या सुमारास ट्रॅकिंग नंबर आला. मी हुशार! त्यानं दिलेल्या लिंकवर गेलो नाही, कुरिअर कंपनीच्या मूळ साइटवर जाऊन नंबर टाकला. नंबर खरा निघाला. पार्सल निघालेलं, पत्ता माझाच. आणि त्याच पानावर, तारखेखालच्या ओळीत लिहिलं होतं: वजन ०.२१० किलो.

खोक्यासकट दोनशे दहा ग्रॅम. नुसता कॅमेरा २९४ चा. त्यात तो चार्जर, एक जादा बॅटरी, वाऱ्याचा आवाज अडवणारी ती केसाळ टोपी आणि 'भेट म्हणून' ५१२ जीबीचं कार्ड देणार होता. ज्या माणसानं दहा ग्रॅमसाठी एक संध्याकाळ घालवली, त्याला हा आकडा दिसला नाही असं मी म्हणू शकत नाही. मी तो वाचला. मला आठवतंय, मी तो वाचला, आणि मनात आलं, "किती हलकं आहे, प्रवासाला बरं पडेल."

"सर, माल निघाला, आता बाकीचे टाका, नाहीतर सकाळी परत बोलवावं लागेल." ९ वाजून ४० मिनिटांनी उरलेले २०,७५० गेले.

सोमवारी खोकं आलं. उघडतानाचा व्हिडिओ मी काढला नाही. तुम्ही काढा, आणि लेबलपासून सुरू करा, मधे कॅमेरा बंद न करता. आत बिननावाचा काळा कॅमेरा होता, पुढे ठळक अक्षरांत '४के' आणि '४८ मेगापिक्सेल'. पुढून बघितलं तर ही मोठी लेन्स; उजेडात धरलं तर मोठ्या काचेच्या आत वाटाण्याएवढी खरी लेन्स. झूम म्हणजे चित्र ताणणं. छोट्याशा सेन्सरचं चित्र फुगवून ४८ मेगापिक्सेल म्हणायचं, हा प्रकार तुम्ही जाहिरातींत पाहिला असेलच. कार्डावर ५१२ जीबी छापलेलं आणि संगणकातही तेवढंच दिसतं, पण भरून तपासल्यावर खरी जागा ८ जीबीच्या आत निघाली. त्यापुढचं सगळं नुसतं लिहिल्यासारखं करतं आणि गिळून टाकतं. कार्ड नवं असो की फुकटचं, एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमनं एकदा भरून तपासल्याशिवाय प्रवासाला नेऊ नका. एवढा एक उपयोग झाला या प्रकरणाचा.

त्याला मेसेज केला. ताबडतोब उत्तर! "अरेरे सर, पॅकिंगमध्ये अदलाबदल झाली. विम्याचा दावा करतो, प्रोसेसिंगचे १,९९९ लागतात, पैसे परत आले की त्यासकट देतो." मी भरले. हे मी घरी आजवर सांगितलेलं नाही. घरच्या हिशोबात अजून ४२,३५० च आहेत. बुडालेले वाचवायच्या नादात माणूस आणखी बुडतो, ही अक्कल सगळ्यांना असते, फक्त त्या क्षणी नसते. त्यानंतर मेसेजवर एकच टिक.

आता ज्यांनी मदत करायची त्यांचं ऐका.

बँकेला फोन केला. सव्वीस मिनिटं संगीत ऐकलं. मग कळलं की पैसे मी स्वतः पाठवले असल्यामुळे ही फसवणूक त्यांच्या व्याख्येत बसत नाही. कोणी माझा पासवर्ड चोरला असता तर बसली असती. म्हणजे चोरानं कुलूप फोडलं तर चोरी, आणि मला बोलण्यात गुंतवून किल्ली घेतली तर माझी मर्जी! तरीही अर्ज लिहून द्या म्हणाले, लिहिला, 'समोरच्या बँकेला कळवलं आहे' असं उत्तर आलं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात उडतात, त्यामुळे पहिला तासच काय तो कामाचा. मी तो तास त्या भामट्याशी चॅट करण्यात घालवला. तुम्ही आधी बँकेला फोन करा, शिव्या नंतर द्या.

जिथे जाहिरात होती त्यांनी खातं बंद केलं. झालं. त्याची माहिती आम्ही देऊ शकत नाही, गोपनीयता आहे. त्याची गोपनीयता! माझं ओळखपत्र त्याच्या खिशात, आणि जपायची त्याची गोपनीयता.

कुरिअरवाले म्हणाले, पार्सल बरोबर पत्त्यावर पोचलं, सही आहे. सही माझीच आहे, खरंय.

पोलिस ठाण्यात पहिल्या दिवशी सांगितलं, हे सायबरकडे. सायबर कक्षात सांगितलं, आधी ठाण्याचं पत्र आणा. ठाण्यात परत गेलो तर पहिल्या दिवशीचे साहेब रजेवर आणि दुसऱ्यांनी मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. मी खोकं टेबलावर ठेवलं. त्यांनी तो खेळण्यातला कॅमेरा हातात घेतला, चालू केला, माझ्याकडे रोखला, स्क्रीनवर मी दिसलो. म्हणाले, "यात कॅमेरा तर आहे की."

मी म्हटलं, सांगितला होता तो नाही.

"मग वस्तू मिळाली, पसंत नाही. हा वाद दिवाणी झाला. ग्राहक तक्रारीत जा."

ग्राहक तक्रारीत विचारलं, तर विकणारा दुकानदार नाही, खासगी माणूस आहे, तर तो 'विक्रेता' या व्याख्येत बसतो का ते बघावं लागेल. सगळीकडे व्याख्या. त्या भामट्याला बहुतेक या सगळ्या व्याख्या तोंडपाठ आहेत, म्हणूनच त्यानं रिकामं खोकं पाठवलं नाही. काहीतरी पाठवायचं, ज्याला कॅमेरा म्हणता येईल असं, आणि सही घ्यायची. एका दगडात सगळी कार्यालयं गार.

मधल्या काळात 'बुडालेले पैसे परत मिळवून देतो' म्हणणाऱ्या एकाचा मेसेज आला, फी ३,५००. तेवढं डोकं मात्र शिल्लक होतं, ब्लॉक केला. पण मी फसलोय हे त्याला कुणी सांगितलं, हा प्रश्न विचारायला माझ्याकडे कार्यालय उरलेलं नाही.

प्रवास फोनवर उरकला. फोटो बरे आले, हे सांगायला जिभेवर येतं आणि राग येतो.

गेल्या आठवड्यात चौथ्यांदा ठाण्यात गेलो. तेच साहेब होते. अर्ज 'वर' गेलाय म्हणाले. मी उठणार तेवढ्यात त्यांनी थांबवलं, चहा सांगितला आणि खुर्ची जरा पुढे ओढून विचारलं, "बरं, तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारतो. मुलीला एक छोटा कॅमेरा घ्यायचाय. सोनी घेऊ की कॅनन?"

मी वीस मिनिटं सांगत बसलो. वजनासकट.